बदली, तबादला आणि पायलटचा बेस

मराठीतला 'बदली' आणि उर्दूतला 'तबादला' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. ब, द आणि ल ही त्याची तीन अक्षरं. आठवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलांना मजा वाटते. शिक्षकांच्या खोलीत मात्र या दोन्ही शब्दांनी कुणाला मजा वाटत नाही. शाळा जिल्हा परिषदेची असो की अनुदानित संस्थेची, बदली म्हटलं की डोक्यात पहिला प्रश्न येतो तो मुलांच्या शाळेचा आणि दुसरा आईवडिलांच्या औषधपाण्याचा.

आमच्या घरात याच जातीचा एक तिसरा शब्द काही वर्षांपूर्वी आला आणि रुळला. 'बेस'. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पायलट आहे, सहवैमानिक. आपा मुंब्र्याजवळ कौशाला राहतात. मुलाच्या ट्रेनिंगसाठी त्यांनी घर गहाण ठेवलं होतं, हे नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कंपनीचं नाव आणि साल मी इथे लिहिणार नाही. त्याची नोकरी आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही. झालं एवढंच की कंपन्या एकत्र आल्या, विमानांची नव्याने वाटणी सुरू झाली आणि त्याला दोन पर्याय देणारं पत्र आलं. मोठ्या विमानाचं प्रशिक्षण घेऊन दिल्लीला जायचं, किंवा आहे त्याच विमानावर मुंबईत राहायचं. मात्र ते विमान मुंबईत किती वर्षं राहील, याची हमी पत्रात नव्हती. पत्रात वावगं काहीच नव्हतं. भाषा सभ्य होती, मुदतही दिली होती. तरी त्या एका कागदाने घरातली झोप उडाली.

तेव्हापासून हा विषय मी समजून घेत आले. विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या बातम्या आपण वाचतो त्या शेअर, कर्ज आणि नव्या रंगाच्या शेपटीच्या. पायलटच्या घरात ती बातमी वेगळ्या रस्त्याने पोचते.

बेस म्हणजे काय

आपा आजही लोकांना सांगतात, "त्याची ड्युटी मुंबई एअरपोर्टवर आहे." ऐकणाऱ्याला वाटतं पोरगा तिथे काउंटरवर बसतो. बेस म्हणजे पायलटची ड्युटी जिथून सुरू होते आणि जिथे येऊन संपते ते शहर. मुंबई बेसचा पायलट कोलकात्याला मुक्कामाला गेला तर हॉटेल कंपनीचं, भत्ता कंपनीचा. मुंबईत उतरला की तो आपल्या घरी. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने बेस हे असं शहर, जिथे झोपण्याची सोय पायलटने स्वतः करायची असते. तुमचं घर त्याच शहरात असेल तर सुट्टी ही सुट्टी असते. घर दुसऱ्या शहरात असेल तर सुट्टीतला पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात जातो, आणि बेसच्या गावी एका खोलीचं भाडं भरावं लागतं ते वेगळं.

अमेरिकेत हे इतकं सर्रास आहे की त्याला स्वतंत्र शब्द आहेत. एका शहरात राहून दुसऱ्या शहरातल्या बेसला विमानाने जाणारे पायलट हजारोंनी आहेत. रिकामी जागा असेल तर ते कर्मचारी म्हणून प्रवास करतात, आणि बेसच्या गावी सात-आठ जण मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतात. त्याला ते 'क्रॅश पॅड' म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कॉट बेसिस.

उर्दू माध्यम आणि बोइंग

दुसरी गोष्ट समजायला मला माझी नोकरी उपयोगी पडली. 'विमान चालवता येतं' असं काही नसतं. लायसन्सवर विमानाचा प्रकार नोंदलेला असतो. एअरबस ए-३२० च्या कुटुंबातली ३१९, ३२० आणि ३२१ ही विमानं एकाच नोंदीवर चालवता येतात. पण त्या नोंदीवर बोइंग ७३७ चालवता येत नाही, मग ते शेजारच्याच स्टँडवर उभं का असेना. त्यासाठी पुन्हा वर्ग, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षा, मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबर प्रत्यक्ष उड्डाणं. यात महिने जातात. तेवढे दिवस कंपनीला त्या पायलटचं नेहमीचं काम मिळत नाही, शिवाय सिम्युलेटरचा खर्च.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना हे लगेच कळेल. संचमान्यतेत पटसंख्या कमी भरली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला निदान आजूबाजूच्या गावात जागा मिळण्याची आशा असते. उर्दू माध्यमाच्या शाळा मुळात थोड्या आणि विखुरलेल्या. समोरच्या मराठी शाळेत गणिताची जागा रिकामी असली तरी तिथे उर्दू माध्यमाचा गणित शिक्षक बसत नाही. त्याला तालुका सोडावा लागतो, कधी त्याहून लांब जावं लागतं. पायलटचं तसंच. मुंबईत पायलट हवे आहेत की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. मुंबईत कोणत्या विमानाचे पायलट हवे आहेत, हा खरा प्रश्न.

तिसरी गोष्ट सेवाज्येष्ठता. शाळांमध्ये डी.एड. आणि बी.एड. झालेल्यांच्या ज्येष्ठतेवरून किती प्रकरणं कोर्टात गेली, हे आमच्या क्षेत्रातल्या माणसाला सांगायला नको. अमेरिकेत पायलटचं सगळं आयुष्य ज्येष्ठतेच्या यादीवर चालतं. कॅप्टन की सहवैमानिक, कोणतं विमान, कोणता बेस, ईदला की ख्रिसमसला सुट्टी, सगळं यादीतल्या क्रमांकावर. एखाद्या बेसवरून एक प्रकारचं विमान काढलं तर तिथले ज्येष्ठ पायलट दुसऱ्या बेसची जागा मागतात, तिथला कनिष्ठ तिसऱ्या ठिकाणी ढकलला जातो, आणि साखळीतल्या प्रत्येकाला नवं प्रशिक्षण लागू शकतं. आपल्याकडे बेसच्या बाबतीत शेवटचा शब्द बहुधा कंपनीचा असतो. पण बढती आणि मोठ्या विमानाच्या जागा यांत ज्येष्ठतेला इथेही मोठं वजन आहे.

आता दोन कंपन्या एक झाल्यावर काय होतं ते पाहा. दोघींची विमानं एकाच मार्गावर उडत असतील तर एक कमी केलं जातं. दोघींकडे वेगवेगळ्या प्रकारची विमानं असतील तर देखभाल, सुटे भाग आणि प्रशिक्षणाचा खर्च वाचवायला प्रकार कमी करण्याकडे कल असतो. मोठी विमानं जिथे जोडप्रवासी जास्त मिळतील अशा एका शहरात गोळा केली जातात. या तिन्ही निर्णयांत चूक काही नाही. प्रत्येक निर्णयाबरोबर बेस हलतो, एवढंच. आणि हे सगळं चालू असताना दोन याद्यांची एक यादी करायची असते.

मुंबईची एअर इंडिया, दिल्लीची इंडियन एअरलाइन्स

आपल्या देशात हे पहिल्यांदा झालं ते १९५३ साली. राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत उड्डाणांसाठी आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. त्यात हैदराबादची डेक्कन एअरवेज होती, बिजू पटनाईकांची कलिंग एअरलाइन्स होती. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे राहिली. पुढची पन्नासहून अधिक वर्षं दोन सरकारी कंपन्या शेजारी शेजारी चालल्या, आणि दोघींचा स्वभाव वेगळा घडला. एअर इंडियाचं मुख्यालय मुंबईत, नरिमन पॉइंटच्या त्या उंच इमारतीत. ताफा मुख्यतः बोइंगचा, लांब पल्ल्याचा. इंडियन एअरलाइन्सचं मुख्यालय दिल्लीत, ताफा मुख्यतः एअरबस ए-३२० कुटुंबातला, आणि वैमानिक प्रशिक्षण केंद्र हैदराबादला. पायलटांच्या संघटनाही दोन. एअर इंडियाची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन.

२००७ मध्ये सरकारने दोघींना एक केलं. त्याआधीच एअर इंडियाने ६८ बोइंग विमानांची आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबसची मागणी नोंदवली होती. बोइंगच्या मागणीत २७ ड्रीमलायनर होती, म्हणजे ७८७. कागदावर कंपनी एक झाली, पण पगार, भत्ते, बढतीचे नियम आणि याद्या दोनच राहिल्या.

याचा हिशेब पुढे दोन संपांत चुकता झाला. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी समान वेतनासाठी दहा दिवस काम बंद ठेवलं. २०१२ मध्ये पाळी जुन्या एअर इंडियाच्या पायलटांची. कारण होतं ड्रीमलायनर. व्यवस्थापनाचं म्हणणं, कंपनी एक आहे, तेव्हा नव्या विमानाचं प्रशिक्षण दोन्हीकडच्या पायलटांना मिळेल. गिल्डचं म्हणणं, ही विमानं आमच्या कंपनीने आमच्या मार्गांसाठी मागवली, त्यांवर आमची बढती अवलंबून आहे. ५८ दिवस संप चालला. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने त्या वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजूंच्या वेतन-बढतीच्या समानीकरणावर अहवाल दिला होता. पण विलीनीकरणाला तोवर चार वर्षं उलटून गेली होती. जे २००७ मध्ये करायचं, ते २०१२ मध्ये भांडून करावं लागलं.

त्या वेळी मी वर्तमानपत्रात वाचून म्हटलं होतं, लाखो रुपये पगार घेणारी माणसं विमानावरून भांडतात. आज त्या भांडणाचा अर्थ लागतो. विमान हे पायलटच्या घराचा पत्ता ठरवतं. २०१० मध्ये दिल्लीला टर्मिनल ३ सुरू झालं, तेव्हा एअर इंडियाने लांब पल्ल्याच्या उड्डाणांचं मुख्य केंद्र दिल्लीला केलं. पुढे ड्रीमलायनरचं मुख्य ठाणंही दिल्लीच. २०१३ मध्ये मुख्यालय मुंबईहून दिल्लीला गेलं. नरिमन पॉइंटची इमारत महाराष्ट्र सरकारला १,६०१ कोटी रुपयांना देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. इमारत विकण्याची बातमी पहिल्या पानावर येते. कलिना-सांताक्रूझच्या भागात वर्षानुवर्षं राहिलेल्या कुटुंबांतला कर्ता माणूस महिन्यातले निम्मे दिवस दिल्लीत राहू लागला तर त्याची बातमी होत नाही.

चारांच्या दोन

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत गेली. आता टाटा समूहाशी जोडलेल्या चार विमान कंपन्या झाल्या. एअर इंडिया. केरळ आणि मंगळुरूहून आखाती देशांत जाणारी, बोइंग ७३७ वर उभी राहिलेली एअर इंडिया एक्स्प्रेस. बेंगळुरूची, एअरबस ए-३२० चालवणारी एअरएशिया इंडिया. आणि सिंगापूर एअरलाइन्सबरोबरची विस्तारा. १ ऑक्टोबर २०२४ ला एअरएशिया इंडिया, जिचं नाव तोवर एआयएक्स कनेक्ट झालं होतं, ती एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराची ७० विमानं होती. त्यांत सात ड्रीमलायनर, बाकीची ए-३२० आणि ए-३२१.

विस्ताराचं एअर इंडियात जाणं प्रकारांच्या दृष्टीने सोपं, कारण दोघींकडे ए-३२० कुटुंब आणि ड्रीमलायनर होतेच. एक्स्प्रेसचं तसं नाही. फक्त बोइंग चालवणाऱ्या कंपनीत एअरबस आलं. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच गणवेशात, एकाच विमानतळावर दोन पायलट आहेत, आणि एकाला ताप आला तर दुसरा त्याच्या जागी बसू शकत नाही. अशा कंपनीत प्रत्येक बेसवर दोन्ही प्रकारची विमानं ठेवायची तर राखीव पायलटही दुप्पट लागतात. म्हणून कोणतं विमान कोणत्या शहरात ठेवायचं हा प्रश्न अशा कंपन्यांना सारखा सतावतो, आणि त्याबरोबर तिथल्या पायलटांनाही.

विस्ताराच्या बाबतीतही रस्ता साधा नव्हता. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये, विलीनीकरणापूर्वी वेतनरचना एकसारखी करण्याची वेळ आली, तेव्हा बरेच पायलट आजारपणाच्या रजेवर गेले आणि उड्डाणं रद्द झाली. निश्चित वेतन कमी उड्डाण-तासांवर मोजलं जाणार, ही तक्रार होती. त्यामागे ज्येष्ठतेची धाकधूकही होती. नव्या कंपनीत आपला नंबर कितवा?

होनोलुलू आणि सिएटल

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेतली अलास्का एअरलाइन्स ही सिएटलची कंपनी, मुख्य ताफा बोइंग ७३७ चा. २०१६ मध्ये तिने कॅलिफोर्नियाची व्हर्जिन अमेरिका विकत घेतली. व्हर्जिनकडे सगळी एअरबस. अलास्काने काही वर्षं दोन्ही चालवली आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत एअरबस विमानं सेवेतून काढून टाकली. व्हर्जिनमधून आलेले पायलट बोइंग शिकले. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, अलास्काने हवाईयन एअरलाइन्स घेतली. तिच्याकडे काय होतं? पुन्हा एअरबस, ए-३३० आणि ए-३२१. शिवाय बेटांमधल्या छोट्या उड्डाणांसाठी बोइंग ७१७, आणि नुकतीच येऊ लागलेली ड्रीमलायनर.

हवाईयन ही १९२९ पासून बेटांवरची कंपनी. तिच्या पायलटांचं घर होनोलुलू. आता जोडकंपनीने ठरवलं की सिएटलहून आशिया-युरोपला लांबची उड्डाणं करायची. मे २०२५ मध्ये सिएटल-टोकियो सुरू झालं, सप्टेंबरमध्ये सिएटल-सोल. ड्रीमलायनर सिएटलला ठेवायची, तिथे त्या विमानाचा पायलट बेस उघडायचा, असं ठरलं. होनोलुलू ते सिएटल अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर, मधे सगळा समुद्र. हवाईयनच्या ज्या पायलटने ड्रीमलायनर येणार म्हणून वाट पाहिली, त्याच्यासमोर सरळ प्रश्न आला. विमान हवं की बेट? मुंबई-दिल्ली निदान रात्रीच्या राजधानीने जोडलेली शहरं आहेत.

तरी एका बाबतीत तिथल्या पायलटला आपल्यापेक्षा जास्त आधार आहे, आणि तो एका जुन्या अन्यायातून आला. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स घेतली, तेव्हा त्या कंपनीच्या केबिन कर्मचाऱ्यांना सरसकट यादीच्या तळाला टाकलं गेलं आणि पायलटांपैकीही पुष्कळ जण खाली गेले. मग मंदी आली, २००३ मध्ये सेंट लुईसचं केंद्र निम्म्याने कापलं गेलं, आणि वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेली माणसं सगळ्यात आधी घरी बसली. सेंट लुईस हे मिझुरी राज्यात. त्याच राज्याच्या दोन सिनेटरांच्या, मॅकास्किल आणि बाँड यांच्या नावाने २००७ मध्ये कायदा झाला. विलीनीकरणात ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य आणि समतोल पद्धतीने जोडायच्या, जमलं नाही तर लवादाकडे जायचं. कायदा आला म्हणून भांडणं संपली नाहीत. पण यादी कोणत्या पद्धतीने बनेल, हे पायलटला आधी माहीत असतं.

घरातला निर्णय

भाच्याने पत्र मला दाखवलं तेव्हा रमजान चालू होता. मगरीबनंतर आम्ही चहा घेत बसलो होतो. तो म्हणाला, "खाला, तुमच्याकडे अतिरिक्त शिक्षक काढताना यादीतला सगळ्यात कनिष्ठ आधी जातो ना?"

"हो."

"आमच्याकडेही तसंच होईल. फक्त कोणत्या यादीतला, ते अजून ठरायचं आहे."

मला त्याची अडचण त्या एका वाक्यात कळली. मोठं विमान घेतलं तर पगार वाढतो, परदेशी उड्डाणं मिळतात, आणि त्या विमानाचं भविष्य पक्कं. पण प्रशिक्षणाचा बाँड होता, म्हणजे काही वर्षं बांधून घेणं. दिल्लीत खोली. सून ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट, तिची नोकरी कायम झालेली. मुलगी सीनियर केजीत. आपांचे गुडघे असे की त्या जिने उतरत नाहीत. नोकरी सोडायची म्हटलं तरी ते शिक्षकासारखं तीन महिन्यांच्या नोटिशीचं काम नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी सांगावं लागतं.

त्याने विजेच्या बिलामागे हिशेब मांडला. वाढलेल्या पगारातून दिल्लीचं भाडं, येणंजाणं आणि घरी आपांसाठी एक बाई ठेवायचा खर्च वजा केला तर हातात फार उरत नव्हतं. तरी पुढच्या दहा वर्षांचं गणित मोठ्या विमानाच्या बाजूने होतं. सून म्हणाली, "तुम्ही जा म्हणाल तर मी अडवणार नाही. पण मी नोकरी सोडणार नाही." मला ती फार आवडली त्या दिवशी.

त्याने मोठं विमान नाकारलं. आपा तीन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. "लोक या विमानासाठी दुआ मागतात, आणि याला घरी आलेलं नको," असं मला फोनवर म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं. घर त्यांनी गहाण ठेवलं होतं.

त्याच्यापेक्षा वर्षभराने कनिष्ठ असलेल्या एका सहकाऱ्याने तीच जागा घेतली. तो आता युरोपला जातो. दिल्लीत द्वारकेला त्याची खोली, बायको-मुलं नागपूरला, महिन्यातून दोनदा भेट. माझा भाचा मुंबईतच आहे. त्याचा बेस अजून आहे, पण विमानं थोडी कमी झाली आहेत आणि राखीव म्हणून घरी फोनजवळ बसण्याचे दिवस वाढले आहेत. कॅप्टन होण्याची त्याची तारीख पुढे गेली. दर सहा महिन्यांनी अफवा येते की हे विमानही हलणार. दोघांपैकी शहाणा कोण, हे मी सांगू शकत नाही. दोघांनी आपापल्या घराचा विचार करून निर्णय घेतला.

आपा म्हणतात, रिझ्क जिथे लिहिलं आहे तिथे माणूस जातो. माझंही तेच ईमान आहे. पण रोस्टर माणसं बनवतात, ज्येष्ठतेच्या याद्या माणसं बनवतात, आणि कोणतं विमान कोणत्या शहरात ठेवायचं हेही माणसंच ठरवतात. माणसांच्या कामाला इन्साफची अट लागू होते.

मी विमान कंपनीला सल्ला देणारी कोण? पण एक शिक्षिका म्हणून तीन गोष्टी मागता येतील असं वाटतं. पहिली, एकत्रित यादी आधी, बेसचा पर्याय नंतर. आपला क्रमांक माहीत नसताना माणसाला निवड करायला लावणं म्हणजे प्रश्नपत्रिका न देता उत्तर मागणं. दुसरी, ताफ्याचा आराखडा तारखेसकट सांगावा. बदलला तर बदलला, निदान अफवेवर घर चालवावं लागणार नाही. तिसरी गोष्ट आमच्याकडून घेण्यासारखी आहे. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाच्या मूळ शाळेत पुन्हा पद तयार झालं तर परत येण्याचा पहिला हक्क त्याचा मानला जातो. प्रत्यक्षात किती जणांना तो मिळतो हा भाग वेगळा, पण तत्त्व चांगलं आहे. बेस सोडावा लागलेल्या पायलटला काही वर्षांनी परतीचा पहिला हक्क असला, तर पुष्कळ घरं दोन ठिकाणी विभागलेली असली तरी त्या आशेवर तग धरतील.

प्रवासी म्हणून आपल्याला यातलं काही दिसत नाही. तिकिटावर एकच नाव असतं, पायलटचा आवाज एकाच धाटणीचा असतो. तो कालच दुसऱ्या शहरातून येऊन भाड्याच्या खोलीत झोपला होता का, हे त्या आवाजावरून कळत नाही. कळण्याची गरजही नाही. पण विलीनीकरणाच्या बातमीत 'कर्मचाऱ्यांना सामावून घेतलं जाईल' हे वाक्य आलं की मी आता थांबते आणि विचारते, कोणत्या शहरात?

यंदा माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीला पायलट व्हायचं आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात. पालकसभेनंतर ते थांबले आणि फी किती, कर्ज कुठलं, इंग्रजी किती लागतं, असं सगळं विचारलं. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं, भाच्याचा नंबरही दिला. मग म्हटलं, "भाई, त्याला हेही विचारा की मुलगी राहणार कुठे, आणि ते कोण ठरवणार." ते हसले. म्हणाले, "टीचर, ते तर लग्न ठरवतानाही विचारतो आम्ही." मी म्हटलं, मग तुम्हाला सगळं कळलंय, बाकीचं ती शिकेल.